भोवरा आणि फौजदार

ताईला फौजदार हे नाव ठेवलं तिच्या पाठच्या भावाने, आणि तेही एका माशापायी. नाव ठेवणारा तेव्हा एवढासा होता, नाकात शेंबूड आणि चड्डीची नाडी कायम लोंबती. आता तो चांगला सहा फुटी बाप्या झालाय, डोक्यावर टक्कल पडायला लागलंय, धरणं बांधतो. पण ताई अजून त्याला बारक्याच म्हणते आणि तो अजून तिला फौजदारच म्हणतो. फरक एवढाच, की बारक्या म्हटलं की तो हसतो, आणि फौजदार म्हटलं की ताईच्या काळजात बारीकसा काटा रुततो. दाखवत नाही म्हणा ती तसं. दाखवेल ती ताई कसली!

त्यांची आई गेली, त्या वर्षीची गोष्ट. ताई शाळेच्या शेवटच्या वर्षाला, आणि बारक्याला नुकती कुठे अक्षरं कळायला लागलेली. वडील छापखान्यात पाळीवर जायचे. माणूस लाखात एक, पण जिभेला कुलूप. पोरांची समजूत कशी घालावी हे काही त्यांना उमजेना. एका संध्याकाळी ते काखेत एक खोकं मारून आले. टीव्हीला जोडायचा जुना व्हिडिओ गेम, दोन कंट्रोलर आणि एकुलती एक कॅसेट. खोकं जमिनीवर ठेवलं, बारक्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हातपाय धुवायला निघून गेले. त्यांचं सांत्वन ते एवढंच.

कॅसेटवरची अक्षरं कुठल्या मुलखातली होती देव जाणे, घरात कोणालाच वाचता आली नाहीत. पण खेळ सुरू झाला आणि खोलीचा रंगच पालटला. पडदाभर निळंशार पाणी, त्यात गुलाबी, केशरी पोवळ्यांचे खडक, आणि मधे दोन मासे. एक चिमुकला, गडद निळा, अंगभर पांढरी वर्तुळं, एकात एक, फिरता फिरता थांबलेल्या भोवऱ्यासारखी. दुसरा दांडगा. पिवळे-निळे पट्टे, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि चेहऱ्यावर असा काही रुबाब की विचारू नका. दांडग्याने चिमुकल्याला गाठायचं, चिमुकल्याने खडकांतून निसटत गुहा गाठायची. झाला खेळ.

"मी भोवरा!" बारक्याने पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं. "आणि तू हा. फौजदार."

"मी का म्हणून?"

"तू ओरडतेस ना, म्हणून."

आता ओरडायची ती, खोटं कशाला बोला. बूट घाल, दूध संपव, दप्तर भर, कान धू. कोणीतरी ओरडायला हवंच होतं की! वडील ओरडणाऱ्यातले नव्हते, आणि जिच्या नुसत्या बघण्याने पोरं सरळ व्हायची ती राहिली नव्हती. मग उरलं कोण? मैत्रिणी गावभर हिंडायच्या तेव्हा ताई कुकरच्या शिट्ट्या मोजायची. आपण केव्हा मोठे झालो ते तिचं तिलाही कळलं नाही.

पण त्या दुपारी! पडदे ओढून घेतलेली खोली, डोक्यावर कुरकुरणारा पंखा, गार फरशीवर मांडी घालून दोघं, आणि दोघांच्या तोंडावर टीव्हीचा निळा उजेड. भोवरा गुहेत शिरला की बारक्या किंचाळत उठायचा आणि खोलीभर नाचायचा. "फौजदार हरला! फौजदार हरला!" आई गेल्यावर त्या घरात कोणी हसलं असेल तर ते त्या खेळापुढे. ताईला पुढच्या आयुष्यात सुखाचे दिवस दिसले नाहीत असं नाही, पण आजही डोळे मिटले की तिला तोच पंखा ऐकू येतो.

पुढे बारक्या शिकला, नोकरीला दूर गेला, लग्न केलं. नव्या नवरीशी ओळख करून देताना हा दिवटा काय म्हणाला असेल? "आणि ही आमची फौजदार. हिला भिऊन राहा." सगळे हसले. ताईही हसली, आणि आत जाऊन उगाचच कपाट आवरत बसली. इतकं केलं, आणि याच्या लेखी आपण कोण, तर याच्या पाठी लागलेला तो दांडगा मासा.

वडीलही मागे वारले. ताईने लग्न केलं नाही. एका दातांच्या दवाखान्यात ती कामाला लागली आणि बघता बघता दवाखाना तिचाच झाला म्हणा ना. डॉक्टरीणबाई दात काढायच्या, बाकी सगळं ताई. वेळा देणं, हत्यारं उकळणं, रडणाऱ्या पोरांना चुचकारणं. बाहेरच्या खोलीत भिंतभर लांब काचेची टाकी होती, खाऱ्या पाण्याची. पेशंटचं लक्ष ड्रिलच्या आवाजावरून उडावं म्हणून बाईंनी हौसेने बसवलेली. हौस बाईंची आणि पाण्यात मीठ कालवायचं ताईने, हे ओघानेच आलं.

बारक्याची लेक भिंगरी गेल्या सुट्टीत आत्याकडे राहायला आली, तेव्हा ताईने माळ्यावरून ते खोकं काढलं. चालू होईल असं तिला वाटलं नव्हतं, पण झालं! भिंगरीने तर जेवणखाण सोडलं. आणि त्याच आठवड्यात टाकीसाठी मीठ आणायला दोघी माशांच्या दुकानात गेल्या, तर पोरगी एका काचेपुढे अशी किंचाळली की दुकानदाराच्या हातातली जाळी पडली.

"आत्या! भोवरा! खराखुरा!"

ताई बघतच राहिली. तोच गडद निळा, तीच पांढरी वर्तुळं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, तो मासा कोण्या चित्रकाराच्या डोक्यातून निघालाय. आणि इथे तो बोटभर जीव पंख हलवत तिच्याकडे बघत होता. तिला एकदम भरून आलं. भोवरा टाकीत आला, भिंगरी आपल्या घरी गेली, आणि त्यानंतर दर रविवारी फोन. "आत्या, भोवरा कसा आहे?" आत्या कशी आहे हे विचारायचं बऱ्याचदा राहून जायचं, पण ताईला त्याचं काही नव्हतं. फोन येतोय ना, बस्स.

वर्ष होत आलं आणि बारक्याचा फोन आला. त्याला आणि त्याच्या बायकोला, दोघांनाही नव्या धरणाच्या कामावर जायचं होतं, वर्षभरासाठी. तिथे आजूबाजूला ना शाळा ना दवाखाना. भिंगरीला कुठेतरी ठेवायला हवं होतं.

"कुठेतरी म्हणजे?" ताई म्हणाली. "इथे ठेव! शाळा चार पावलांवर आहे."

"बघू," बारक्या म्हणाला. "एक वसतिगृह पाहिलंय, तेही चांगलं आहे. पुढच्या रविवारी आम्ही येतोच आहोत. बोलू तेव्हा."

बघू! ताईने फोन ठेवला. सख्खी आत्या असताना पोरगी वसतिगृहात? ती पोर घरात हवी, असं तिला इतकं वाटत होतं की भिंगरीच्या उंचीला कपाटाचा कुठला कप्पा पुरेल हेसुद्धा तिने मनात ठरवून टाकलं होतं. आणि तो का कचरतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. फौजदाराच्या हाती भोवरा कोण देईल?

टाकीतल्या भोवऱ्याचं तर वेगळंच चाललं होतं. मधे काही महिन्यांपूर्वी त्याच्या अंगावरची वर्तुळं फाटायला लागली होती. रेघा वाकड्यातिकड्या झाल्या, शेपटीला पिवळट झाक आली. डॉक्टरीणबाईंनी तोंडात घालायचा आरसा आणि बॅटरी घेऊन टाकीपुढे बैठक मारली आणि निदान केलं, "किडीसारखं दिसतंय गं." दातांची डॉक्टर, दुसरं काय सुचणार! ताईने पाणी बदललं, खाणं बदललं आणि शेवटी दुकानदाराला हाताला धरून आणला.

त्याने बघितलं आणि खो खो हसत सुटला. "ताई, दुखणं कसलं? वयात येतोय तो! एम्परर एंजल म्हणतात या माशाला. लहानपणी गोल गोल, मोठेपणी पट्टे. थांबा थोडे दिवस, डोळ्यांवर काळी पट्टी पण येईल. नुसता थाट!"

ताई तिथेच पेशंटच्या बाकावर बसली. "म्हणजे... तो पट्ट्यांचा मासा... हाच?"

"हाच की. वेगळा कुठून येणार?"

दुकानदार गेला तरी ती उठली नाही. भोवरा आणि फौजदार एकच! खेळ काढणाऱ्या शहाण्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी कुठल्या तरी पुस्तकातली दोन देखणी चित्रं उचलली आणि एकाला दुसऱ्याच्या मागे सोडलं. आणि त्या त्यांच्या अडाणीपणापायी आपण जन्मभर फौजदार झालो! तिला हसूही आलं आणि रडूही आलं. फोनवर मात्र तिने चकार शब्द काढला नाही. ही काय फोनवर सांगायची गोष्ट आहे? पोरीने आपल्या डोळ्यांनी बघितली पाहिजे.

इथेच चुकलं तिचं.

रविवारी दवाखाना बंद होता. ताईने कुलूप काढलं, दिवा लावला, आणि भिंगरी धावत टाकीपाशी गेली. एवढ्या मोठ्या टाकीत वर्तुळवाला मासा नाहीच. खडकाआडून डौलात बाहेर आला तो पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा, डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला, तळहाताएवढा दांडगा.

पोरीने टाहोच फोडला. "फौजदाराने भोवऱ्याला खाल्लं!"

"काय?" बारक्या मागून धावला. त्याने काचेला नाक लावलं, टाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत धुंडाळली आणि वळला. "ताई, दोघांना एका टाकीत सोडलंस? एवढी वर्षं तो खेळ खेळलीस, तुला एवढंही कळू नये?"

आता बघा! धरणं बांधणारा माणूस, नदी अडवतो म्हणे. पण लहानपणी डोक्यात जे बसलं ते बसलं. मासे म्हटले की त्याला दोनच ठाऊक, एक खाणारा आणि एक खाल्ला जाणारा. ताईने समजावून सांगायचं, तर तिचं डोकं फिरलं. ज्या क्षणाची ती इतके दिवस वाट बघत होती त्याचं असं मातेरं, आणि वर हा चढा आवाज!

"हो, खाल्ला!" ती कडाडली. "मीच खायला घातला. फौजदार ना मी? करणार काय दुसरं?"

"म्हणूनच म्हणत होतो," बारक्या बोलून गेला, "वसतिगृह बरं."

बारक्याच्या बायकोने त्याचा हात दाबला, पण तोंडातून सुटलेला शब्द काही परत घेता येत नाही. ताईने टाकीच्या कडेला हात टेकला. तिला वाटलं, झालं, संपलं. आपल्या जिभेने आपणच घालवलं. पोर आता येत नाही.

आणि इतक्यात, हुंदके देता देता, भिंगरीने काचेला गाल चिकटवला. "आत्या, दिसतोय तो."

"कोण गं?"

"भोवरा. त्याच्या पोटात आहे. इथे मागे गोल गोल दिसतंय."

सगळे वाकले. खरंच, शेपटीजवळ, पट्ट्यांच्या मधे, दोनतीन पांढऱ्या कमानी राहिल्या होत्या, पुसट. ताई खाली गुडघ्यांवर बसली आणि तिने पोरीला जवळ ओढलं. राग कुठल्या कुठे गेला.

"पोटात नाही गं माझे बाई. ती वर्तुळं अंगावरच आहेत. हाच आपला भोवरा. कोणी कोणाला खाल्लं नाही. तो मोठा झाला."

भिंगरीने डोळे पुसले. एकदा माशाकडे बघितलं, एकदा आत्याकडे. "फौजदार आधी भोवरा असतो?"

"सगळे फौजदार आधी भोवरेच असतात."

"मग तो छोट्यांना पकडत नाही?"

"छे! दुकानदार काय सांगत होता, ऐक. मोठा मासा आपल्या खडकात दुसऱ्या मोठ्याला फिरकू देत नाही. पट्टे दिसले की अंगावर धावतो. पण अंगावर वर्तुळं असलेलं पिल्लू आलं ना, तर त्याच्या वाटेलाही जात नाही. ती वर्तुळं असतातच त्यासाठी. खेळात सगळं उलटं दाखवलंय."

"मग त्यांची भांडणं होतात केव्हा?"

"दोघांनाही पट्टे आले की," ताई म्हणाली. बोलून गेली आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. तिने मान वर केली. बारक्या तिच्याकडेच बघत होता.

भिंगरीने थोडा विचार केला. "म्हणजे तू आणि बाबा. आई पण बाबांना फौजदारच म्हणते."

"गप गं!" बारक्याची बायको म्हणाली, पण तिला हसू आवरेना.

"म्हणतेस ना पण! बाबा सकाळी ओरडतात ना, बूट घाल, दूध संपव, कान धू, तेव्हा तू म्हणतेस, आला फौजदार."

बारक्याचे कान लाल झाले. लहानपणीही त्याचे कानच आधी लाल व्हायचे. तो बाकावर बसला, ताईने पेशंटसाठी लावलेली मासिकं उगाच सरळ करत राहिला आणि मग खाली बघूनच बोलला.

"मी तिच्यावर ओरडतो ना ताई, तर तुझे शब्द येतात तोंडात. तुझेच, जसेच्या तसे. पहिल्यांदा आले तेव्हा दचकलो होतो." तो थांबला. "तेव्हा कळलं, तुला किती पडत होतं ते. मला एक पोर झेपत नाही, हाताशी बायको आहे, पगार आहे. आणि तू केवढी होतीस गं? तुझं तुलाच कोणीतरी बूट घाल म्हणायला हवं होतं."

हे एवढं ऐकण्यासाठी तिने किती वर्षं वाट बघितली होती, ते तिलाही आत्ताच कळत होतं. "मग वसतिगृह कशाला रे मेल्या?" ती कशीबशी म्हणाली.

"तुझं सगळं तरुणपण मी खाल्लं. आता पुन्हा एक पोर आणून तुझ्या गळ्यात बांधू? कुठल्या तोंडाने विचारणार होतो?"

घ्या! आणि ही बया समजत होती, की हा आपल्याला भितो. इतकी वर्षं दोघंही एकमेकांना ओळखून होती, आणि दोघांचंही चुकलं होतं. एरवी ताईने त्याला चार शिव्या घातल्या असत्या. आज तिने नुसतं पुढे होऊन त्याच्या टकलावर एक टप्पल मारली. बारक्याने ती डोळे मिटून घेतली.

भिंगरीला मात्र आता वेगळीच चौकशी लागली होती. "आत्या, बाबा भोवरा होते तेव्हा कसे होते?"

ताईने त्याच्याकडे बघितलं. सहा फूट उंची, पिकायला लागलेल्या मिशा, कपाळावर आठ्या. आई नव्हती, वडील नव्हते. या माणसाच्या अंगावरची वर्तुळं पाहिलेलं आता जगात तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. त्याच्या बायकोला ती ठाऊक नव्हती, आणि त्याची त्याला तरी कुठे सगळी आठवत असणार?

"तुझ्या बाबाचा पहिला दात पडला ना," ती म्हणाली, "तेव्हा तो दात मुठीत घेऊन झोपायचा. मूठ काही उघडेना. आंघोळ मुठीसकट, जेवण मुठीसकट. मी ओरडले, आमिष दाखवलं, काही उपयोग नाही. शेवटी विचारलं, का रे बाबा? तर म्हणाला, आई गेली तेव्हा मी तिचा हात सोडला होता. दात नाही सोडणार."

बारक्याने मासिक खाली ठेवलं. "मी? असं म्हणालो होतो?"

"म्हणाला होतास."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं ना," ताई म्हणाली.

भिंगरी बापाजवळ गेली आणि तिने त्याची मूठ उघडून बघितली. मोठ्ठा पंजा, सिमेंटने राठ झालेला. मग ती तडक परत येऊन आत्याच्या मांडीत बसली. "अजून सांग. सगळं सांग."

"ऐक तर मग. एकदा काय झालं, शाळेत बाईंनी विचारलं..."

"ताई, ते नको हं!" बारक्या ओरडला. मग त्याने आपल्या बायकोकडे बघितलं. तिने मान डोलावली. त्याने नाक ओढलं, घसा साफ केला, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आणि सगळं आजच सांगून संपवू नकोस. तुला वर्षभर पुरवायचंय."